आधी तू वर ये

दुपारी तीनच्या सुमाराला गिऱ्हाईक फिरकत नाही. थोरल्याने किल्ल्या कापायचं यंत्र बंद केलं, टपरीवर फळी आडवी टाकली आणि समोरच्या गल्लीत मोबाइल दुरुस्त करणाऱ्या बाईंकडे गेला. काम तसं किरकोळ होतं. फोन पडला नव्हता, भिजला नव्हता, चार्जही नीट होत होता. फक्त त्यात एक नाव दिसत होतं, आणि ते दिसायला नको होतं.

"कसलं नाव, भाऊ?" बाईंनी डोळ्यावरचं भिंग कपाळावर सरकवलं.

"वायफायचं. घरी यादी उघडली की दिसतं."

"कोणाचं?"

थोरल्याने उगाच घसा साफ केला. "धाकट्याचं."

बाईंच्या हातातला पेचकस थांबला. धाकटा म्हणजे थोरल्याचा सख्खा भाऊ. त्याचं दुकान बाईंच्या दुकानाला भिंतीला भिंत लागून, आणि तेही मोबाइलचंच. दोघांनी वर्षानुवर्षं एकमेकांची गिऱ्हाइकं पळवली आणि सुटे भागही एकमेकांकडूनच उसने नेले. त्या दुकानाचं शटर सत्तेचाळीस दिवस खाली होतं. धाकटा गेला होता.

आता हे नावांचं प्रकरण काय होतं ते सांगायला हवं, नाहीतर थोरल्याचा चेहरा इतका का उतरला होता ते कळणार नाही.

घर दुमजली. खाली धाकटा एकटा, वर थोरला आणि त्याची बायको. मध्ये बाहेरून चढणारा अकरा पायऱ्यांचा जिना. चार वर्षांपूर्वी एका सकाळी गच्चीवरची टाकी भरून वाहिली. पंप बंद करायची पाळी कोणाची होती यावर शेवटपर्यंत दोन मतं राहिली. पाणी खिडकीतून धाकट्याच्या टेबलावर उतरलं आणि दुरुस्तीसाठी उघडून ठेवलेले लोकांचे नऊ फोन भिजले. "मुद्दाम केलंस," धाकटा म्हणाला. "उघडे टाकून झोपायला तुला कोणी सांगितलं होतं?" थोरला म्हणाला. एवढंच झालं. पण राईचा पर्वत करायला भाऊच लागतात, परकी माणसं तेवढी मेहनत घेत नाहीत. त्या दिवसापासून बोलणं बंद. थोरल्याने धाकट्याचा नंबर फोनमध्ये अडवून टाकला. नंबर कसा अडवायचा, हे पूर्वी धाकट्यानेच त्याला शिकवलं होतं.

वरचं वायफायचं डबडंही धाकट्यानेच बसवून दिलेलं होतं. नाव कसं बदलायचं तेही त्यानेच दाखवलं होतं. एके दिवशी थोरल्याने यादी उघडली तर खालच्या डबड्याचं नाव बदललेलं होतं. इंग्रजी अक्षरांत, पण मराठीत लिहिलेलं: "पाणी मुद्दाम सांडणारे वर राहतात."

थोरल्याने चष्मा चढवला, अर्धा तास खटपट केली आणि आपलं नाव ठेवलं: "झाकण न लावणारे खाली राहतात."

तिथून ते सुरू झालं. बत्तीस अक्षरांच्या पुढे नाव जात नाही, त्यामुळे शिव्याही मोजूनमापून द्याव्या लागत. "खुर्ची ओढू नका" असं खालून आलं, की वरून जायचं, "कानात बोळे घाल". एकदा खालून आलं, "वहिनी आजचा डबा झकास". थोरल्याची बायको रोज दुपारी दिराला डबा नेऊन देत असे, नवऱ्याला न जुमानता. थोरल्याने लगेच नाव ठेवलं, "डबा माझ्या घरचा आहे". शेजारपाजारची मंडळी ती नावं वाचून हसत, आणि संध्याकाळी कोणी ना कोणी विचारी, "आज काय म्हणतायत खालचे?"

गंमत अशी की थोरल्यालाही ते हवं असायचं. सकाळी चहाच्या आधी तो यादी उघडायचा. नाव बदललेलं नसलं तर दिवस अळणी जायचा. हे त्याने कधी कबूल केलं नाही, बायकोपाशीसुद्धा नाही.

मग तो सुट्टीचा दिवस उजाडला. बायको मुलीच्या बाळंतपणाला गेली होती, थोरला घरात एकटा होता. साडेअकराला त्याने यादी उघडली. खालचं नाव बदललेलं होतं.

"दादा जरा खाली ये."

त्यात टोमणा नव्हता. चार वर्षांत पहिल्यांदाच त्याने 'दादा' लिहिलं होतं. थोरल्याला ते नीट कळलं. काहीतरी बिनसलंय, एरवी हा असं लिहिणार नाही, हेही कळलं. तो उठला, पायांत चपला घातल्या, दारापर्यंत गेला. आणि तिथे त्याच्या डोक्यात आलं, की मीच का? त्याला पाय नाहीत? अकरा पायऱ्या मला उतरायला आहेत तर त्याला चढायलाही आहेत. चार वर्षांनी गरज पडली तर यावं की वर, म्हणावं, दादा, चुकलं.

त्याने चपला काढल्या. दीड तास घरातल्या घरात येरझाऱ्या घातल्या, दर पाच मिनिटांनी यादी पाहिली. नाव तेच होतं. एक वाजता त्याने आपलं नाव बदललं.

"आधी तू वर ये."

मग ताट वाढून घेतलं आणि दाराकडे पाठ करून जेवायला बसला. थोड्या वेळाने मागे दार करकरलं. त्या दाराची बिजागरी जुनीच खोड असलेली. दार मुठीला धरून किंचित वर उचललं तर आवाज होत नाही, नाहीतर अख्ख्या घराला कळतं. लहानपणी उशिरा घरी येताना धाकटा नेमकं उचलून आत यायचा. आज त्याने उचललं नव्हतं. ऐकू जावं म्हणून. थोरल्याच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या, पण तो वळला नाही. पहिला शब्द त्याने बोलावा. तो शांतपणे एकेक घास चावत राहिला. मागून काही आवाज आला नाही. चार घास, पाच घास. शेवटी त्याने मान वळवली. दार वीतभर उघडं होतं आणि दारात कोणी नव्हतं. वारा असेल म्हणून त्याने उठून कडी घातली.

तिसऱ्या दिवशी गल्लीतले लोक टपरीवर आले. खालचं दार उघडत नाही, तुम्हीच या, म्हणाले. गावभराची कुलुपं दोन मिनिटांत उघडणाऱ्या त्या हातांना भावाचं कुलूप उघडायला वीस मिनिटं लागली. धाकटा टेबलाशी खुर्चीत बसलेला होता, हात फोनवर. डॉक्टर म्हणाले, हृदय. सुट्टीच्या दिवशी, दुपारी साडेबाराच्या आसपास. "अकरा-साडेअकराला कोणी पाहिलं असतं तर..." एवढं बोलून थोरल्याच्या तोंडाकडे बघून ते थांबले. धाकट्याचा फोन चार्ज केल्यावर दिसलं, अकराच्या आधी 'दादा'ला लागोपाठ तीन फोन केलेले होते. तिन्ही थोरल्याच्या फोनने अडवले होते, सांगितल्याप्रमाणे.

यातलं त्या सुट्टीच्या दिवसाचं थोरल्याने कोणालाच सांगितलं नव्हतं. बाईंनाही आत्ता फक्त एवढंच सांगितलं, की मेलेल्या माणसाचं नाव रोज दिसतंय. "दादा जरा खाली ये."

बाईंनी फोन हातात घेतला. "यादीत दोन तऱ्हेची नावं असतात, भाऊ. तुमचा फोन पूर्वी कधीतरी ज्याला जोडला गेला, ती नावं तो जपून ठेवतो. ती 'विसरा' म्हटलं की जातात." त्यांनी बोट फिरवलं. "तुमच्यात तीनच आहेत. घरचं, मुलीच्या घरचं, दवाखान्यातलं. धाकट्यांचं नाही."

"मग दिसतं ते?"

"आत्ता आसपास जी डबडी चालू असतील त्यांची नावं दिसतात. ती पुसता येत नाहीत, कारण ती फोनमध्ये नसतातच. हवेत असतात. दिसतंय म्हणजे कुठेतरी चालू आहे."

"डबडं मी माझ्या हाताने काढलं, ताई. वायर गुंडाळून कपाटात ठेवलंय. खालची वीजही मेनपासून बंद केलीय."

बाईंनी कपाळावरचं भिंग काढून ठेवलं. मग त्यांनी शटर अर्ध्यावर ओढलं. "चला, बघून येऊ. एखाद्या पोराने थट्टा केली असेल तर कान उपटते."

बाईंच्या फोनवर सिग्नलची ताकद आकड्यांत दिसायची सोय होती. त्यांनी आधी खालची खोली उघडायला लावली. बंद खोलीचा कोंदट वास, त्यात डिंक जळाल्यासारखा धाकट्याच्या तारांना डाग देण्याच्या कामाचा वास अजून होता. कपाटात डबडं होतं, थंडगार, वरती धूळ. शेजारी धाकट्याचा फोन. बाईंनी त्याचं बटण दाबून पाहिलं, उठला नाही. आणि बाईंच्या हातातल्या फोनवर ते नाव दिसत होतं, अगदी क्षीण.

"इथे नाही," बाई पुटपुटल्या. "इथे तर कमी आहे."

त्या जिना चढू लागल्या. दर पायरीला आकडा वाढत गेला. थोरला मागून चढत होता, पण त्याची नजर बाईंच्या फोनवर नव्हती, वरच्या दारावर होती. दार उघडताना नेहमीप्रमाणे करकरलं. आत थोरल्याची बायको भांडी पुसत होती, ती हात तसाच ठेवून बघत राहिली. बाई स्वयंपाकघरात गेल्या, आकडा घसरला. खिडकीकडे गेल्या, घसरला. जेवणाच्या टेबलाकडे वळल्या तसा तो चढला, आणि थोरल्याच्या खुर्चीमागे, खुर्ची आणि दार यांच्या मधल्या दोन हात जागेत, पुढे जायचा थांबला.

"इथे काही ठेवलंय का, वहिनी?"

"काही नाही हो. फरशी आहे नुसती."

बाई त्या जागेवरून बाजूला झाल्या. त्यांनी साडीचा पदर खांद्यावर ओढून घेतला. "जरा गार लागतंय इथे... भाऊ, तुमच्या डबड्याला कोण कोण जोडलंय ते बघू. द्या तुमचा फोन. तुमचं नाव काय, यातलं?" त्यांनी यादीतलं सगळ्यात वरचं नाव वाचलं आणि वाचता वाचता त्यांचा आवाज खाली गेला. "आधी... तू... वर ये. हे तुमचं?"

थोरला मटकन खुर्चीत बसला. सत्तेचाळीस दिवस तो ती यादी उघडत होता. सगळ्यात वर आपलंच नाव आणि त्याखाली भावाचं. पण आपल्याच दारावरची पाटी कोण वाचतं? नजर त्यावरून घसरायची आणि खालच्या नावावर अडकायची. त्या दुपारी ठेवलेलं नाव त्याने कधी बदललंच नव्हतं. माणूस गेला, त्याचं सगळं उरकलं, आणि भिंतीवरचं डबडं दिवसरात्र एकच सांगत राहिलं होतं, आधी तू वर ये.

"मी वाचलं होतं," बायको हळूच म्हणाली. "मुलीकडून आले त्या दिवशीच, माझा फोन जोडताना."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही स्वतः कधी काढता ते बघत होते." तिने फडकं खाली ठेवलं. "अकरा पायऱ्या होत्या हो..."

ती रागावली असती तर बरं झालं असतं.

बाईंनी तेवढ्यात डबड्याची यादी उघडली होती. "तीन फोन जोडलेले आहेत," त्या म्हणाल्या. "एक तुमचा. एक वहिनींचा. आणि तिसरा..." त्यांनी फोन टेबलावर ठेवला आणि बोटाने दाखवला. तिसऱ्याचं नाव 'धाकटा' होतं. समोर, किती वेळ जोडलेला आहे ते. सत्तेचाळीस दिवस, तीन तास.

"वीज गेली की हे मोजणं शून्यापासून सुरू होतं," बाई म्हणाल्या. "परवाच दिवसभर वीज नव्हती."

थोरल्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. चार वाजून दहा मिनिटं. त्यातून तीन तास मागे जायला त्याला बोटं मोजावी लागली नाहीत. एक वाजून दहा मिनिटं. साडेबारा वाजून गेल्यानंतर. त्याने नाव बदलल्यानंतर, ताट वाढून घेतल्यानंतर, दार करकरलं तेव्हा.

"आला होता तो," थोरला म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही. "मी बोलावलं तसा आला होता. इथे मागे उभा राहिला होता... आणि मी वळलो नाही."

मग त्याने सगळं सांगितलं. साडेअकराचं, चपलांचं, पहिला शब्द त्याने बोलावा म्हणून मोजून खाल्लेल्या घासांचं. सांगताना तो लहान मुलासारखा रडला, आणि दोघी बायका भिंतीला टेकून उभ्या राहिल्या, खुर्चीमागच्या त्या जागेपासून लांब.

निघताना बाईंनी त्याला जिन्यात बाजूला घेतलं. "भाऊ, मला यातलं काही कळत नाही. पण डबड्याचं कळतं. नाव आणि पासवर्ड दोन्ही बदला. बदललं की जोडलेले सगळे फोन सुटतात. मग आपोआप कोणी येत नाही. ज्याला यायचं त्याने नवं नाव बघून, नवा पासवर्ड आपल्या हाताने घालावा लागतो. जे काही चिकटलं असेल ते सुटेल."

"सुटेल," थोरला म्हणाला.

वर येऊन तो फोन घेऊन बसला. बायको म्हणाली, "काहीतरी साधं ठेवा. घर म्हणा नुसतं." आणि ती चहा टाकायला आत गेली. थोरल्याने डबड्याचं नाव बदलायचं पान उघडलं. ते चार शब्द चौकटीत होते. मागे वळून बघायची त्याची छाती होत नव्हती, पण पाठीला कळत होतं. पुसायचे आणि 'घर' लिहायचं, एवढंच होतं. भावाला दुसऱ्यांदा बाहेर काढायला तेवढं पुरलं असतं. पहिल्या वेळी तर तेवढंही लागलं नव्हतं, नुसती मान न वळवणं पुरलं होतं.

त्याने एकेक अक्षर पुसलं. मग चष्मा पुसला. मग लिहिलं, "येतो रे थांब."

पासवर्डाच्या चौकटीत त्याने एक शब्द घातला. लहानपणी दोघांनी बापाच्या हत्यारपेटीमागे गोट्यांचा डबा लपवला होता आणि त्या जागेला एक नाव ठेवलं होतं. आईलाही ते ठाऊक नव्हतं. जगात तो शब्द दोघांनाच माहीत होता, आणि आता एकालाच. हा यंत्राचा घोळ असेल तर इथे उघडा पडेल, असं त्याने स्वतःला समजावलं. खरं म्हणजे घोळ नसावा असं त्याला वाटत होतं.

डबड्यावरचे दिवे विझले, पुन्हा लागले. थोरल्याने नवं नाव निवडलं, तो शब्द घालून आपला फोन जोडला आणि जोडलेल्यांची यादी उघडली. एकच फोन. त्याचाच. बायकोचा सुटलेला, पासवर्ड तिला ठाऊक नव्हता. आजूबाजूच्या नावांत "दादा जरा खाली ये" कुठे नव्हतं. त्याने दोनदा खालीवर करून पाहिलं. गेलं होतं. पाठीमागचा गारवाही गेल्यासारखा वाटला. सुटला बिचारा, असं म्हणताना त्याला जेवढं एकटं वाटलं, तेवढं स्मशानातून परततानाही वाटलं नव्हतं.

आत चहा उकळत होता. फोन हातातच होता. यादी आपोआप हलली.

दोन.

दुसऱ्याचं नाव वाचायची त्याला गरज पडली नाही. चुकीचा शब्द घातला असता तर तो आत आला नसता.

थोरला उठला. खुंटीवरून खालच्या खोलीची किल्ली घेतली. चपला घातल्या, या वेळी काढल्या नाहीत.

"अहो, चहा झालाय," आतून बायको म्हणाली. "कुठे निघालात?"

"जरा खाली," तो म्हणाला.

दार करकरवत तो बाहेर पडला आणि ते तसंच उघडं टाकून जिना उतरू लागला. एक, दोन, तीन. आतून कप ठेवल्याचा आवाज आला, एक, मग दुसरा. बायको अजून स्वयंपाकघरातच होती. तो सहाव्या पायरीवर पोचला तेव्हा वरचं दार मागून कोणीतरी ओढून घेतलं. हलकेच, मुठीला धरून किंचित वर उचलून. बिजागरीने जराही आवाज केला नाही. मग वरच्या पहिल्या पायरीवर पाऊल पडलं.

या वेळी थोरला वळला.